गव्हाचे पान पिवळे दिसण्याआधीच नुकसान झालेले असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर गव्हाच्या पिवळेपणाबद्दल नुकताच जो मजकूर छापून आला, त्यात पाण्याचा ताण बसलेला गहू पिवळा दिसू लागताच युरियाचा हप्ता द्यावा, पुढच्या पाळीचे पाणी मिळाले की पीक आपोआप सावरते, असा सल्ला आहे. सल्ला देणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र पीक हिरवे आहे तोवर त्याचे काही बिघडलेले नाही, हा जो समज त्या सल्ल्याच्या मुळाशी आहे, तो चुकीचा आहे, आणि विदर्भात गव्हाच्या ओलिताचे बहुतेक निर्णय याच समजावर घेतले जात असल्यामुळे त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक आहे आणि कालव्याच्या टेलवर, म्हणजे शेवटच्या टोकाला, माझा गहू असतो; त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजूंशी माझा संबंध येतो.

शाळेच्या पुस्तकातील समीकरणात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शेजारी शेजारी लिहिलेले असतात, म्हणून पाणी संपले की अन्ननिर्मिती थांबते असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात गव्हाने मुळांवाटे उचललेल्या पाण्यापैकी शंभरातला एक भागही प्रकाशसंश्लेषणात खर्च होत नाही; बाकी जवळजवळ सगळे पानांतून वाफ होऊन जाते. जमिनीतील ओल तुटू लागते तेव्हा त्या क्रियेपुरते पाणी पानात शिल्लकच असते. बिघाड सुरू होतो तो पर्णरंध्रांपाशी, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांपाशी. मुळांना कोरड जाणवली की झाडात ॲबसिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते, त्याच्या इशाऱ्याने पर्णरंध्रे मिटू लागतात, आणि पाण्याची वाफ बाहेर जाणे जसे थांबते तसेच कार्बन डायऑक्साइड आत येणेही थांबते. झाड पाणी वाचवते आणि त्याची किंमत उपासमारीने मोजते. या टप्प्यावर शेताच्या बांधावरून पाहणाऱ्याला पीक हिरवेगार दिसते.

पानात आलेला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याची साखर बनवण्याची पहिली पायरी रुबिस्को नावाचे प्रथिन पार पाडते. हे प्रथिन मोठे विचित्र आहे. आठ मोठ्या आणि आठ लहान घटकांचे मिळून ते बनते. मोठ्या घटकाची जनुके हरितलवकात असतात, तर लहान घटकाची पेशीच्या केंद्रकात, म्हणजे एकाच यंत्राचे भाग दोन ठिकाणांहून आणून जुळवावे लागतात. एवढे करूनही त्याचे काम अत्यंत संथ आहे. इतर अनेक विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, सेकंदाला शेकडो, हजारो क्रिया उरकतात. रुबिस्कोचा एक कार्यकारी भाग जेमतेम तीनेक उरकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी गव्हासारख्या पिकाला ते प्रचंड प्रमाणात बाळगावे लागते. पानातील एकूण नत्रापैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या एकट्या प्रथिनात गुंतलेला असतो. आपण जो युरिया टाकतो, त्याचा मोठा भाग अखेर इथे जाऊन बसतो. त्यातही त्याचा आणखी एक दोष असा की त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक पुरता कळत नाही. पर्णरंध्रे मिटली आणि पानाच्या आतला कार्बन डायऑक्साइड घटला की ते ऑक्सिजनच जास्त पकडू लागते, आणि त्यातून झाडाला काही मिळण्याऐवजी आधी जमवलेल्या कार्बनातला काही भाग बाहेर पडतो.

इकडे सूर्य मात्र तळपतच असतो, आणि गव्हाचे पान ऊन घेणे थांबवू शकत नाही. जिनिंगमध्ये पुढचा गाठी बांधणारा प्रेस बंद पडावा आणि मागचे सरकी काढणारे रेचे मात्र चालूच राहावेत, तर रुईचा ढीग साचत जातो आणि एखादी ठिणगीही पुरते. तशी पानाची अवस्था होते. हरितद्रव्याने गोळा केलेली ऊर्जा पुढे खर्च होत नाही. काही काळ पान ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते, कारण त्यासाठी त्याच्याजवळ खास व्यवस्था आहे. तीही अपुरी पडली की ऊर्जा ऑक्सिजनवर जाऊन उपद्रवी, प्रक्रियाशील ऑक्सिजन तयार होतो आणि तो शेजारच्या प्रथिनांना व पडद्यांना इजा करतो. पहिला मार बसतो तो पाण्याचे विघटन करणाऱ्या प्रकाशप्रणाली-दोनच्या गाभ्यातील डी-१ या प्रथिनावर. हे प्रथिन निरोगी पानातही उन्हाने रोजच मोडत असते. पेशी मोडलेले डी-१ काढून टाकते, नवे बनवून त्या जागी बसवते आणि काम पुढे चालू ठेवते. भर दुपारी हे सतत सुरू असते. कोरड पडलेल्या पानात मोडण्याचा वेग वाढतो आणि त्याच वेळी नवे प्रथिन बनवण्याचा वेग मंदावतो. प्रकाश गोळा करणारी, हरितद्रव्य धरून ठेवणारी प्रथिनेही पुढे कमी होऊ लागतात. मात्र हरितद्रव्य त्या मानाने बराच काळ टिकून राहते, आणि आपले डोळे पाहतात ते हरितद्रव्य.

यात नेमके आधी काय बिघडते, यावर शास्त्रज्ञांत अनेक वर्षे वाद चालला. १९९९ साली सूर्यफुलावरील प्रयोगांतून असे मांडले गेले की पाण्याच्या ताणात ऊर्जा साठवणारे एटीपी बनवणारे प्रथिनच घटते आणि प्रकाशसंश्लेषण मंदावण्याचे मुख्य कारण तेच आहे. आज सर्वसाधारणपणे असे मानले जाते की सौम्य व मध्यम ताणात पर्णरंध्रे मिटणे हेच मुख्य कारण असते, आणि ताण तीव्र झाला की आतील यंत्रणाही ढासळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. ज्या पानाची नुसती पर्णरंध्रे मिटली आहेत, त्याला पाणी मिळाले की ती पुन्हा उघडतात, डी-१ ची दुरुस्ती वेग घेते आणि काही दिवसांत काम पूर्ववत होते. ज्या पानातील प्रथिनांचे विघटन सुरू झाले आहे, त्याला कितीही पाणी दिले तरी ते पूर्वीचे पान होत नाही. "पाणी मिळाले की पीक सावरते" हे विधान पहिल्या प्रकारच्या पानापुरते खरे आहे, दुसऱ्यासाठी नाही.

दुसऱ्या प्रकारचे पान केव्हा तयार होते, हे गव्हाच्या वयावर अवलंबून असते. रुबिस्कोचा बहुतेक साठा पान वाढत असतानाच तयार होतो. पान पूर्ण उलगडल्यानंतर त्यात फारशी भर पडत नाही, पुढे तो हळूहळू खर्चीच पडत जातो. गहू निसवल्यावर दाणा भरू लागतो, तेव्हा झाड पानांतील प्रथिने मोडून त्यांतला नत्र दाण्याकडे पाठवते. हे नैसर्गिकच आहे, आणि गव्हाच्या दाण्यातील प्रथिनांचा मोठा वाटा असाच पानांतून आलेला असतो. परंतु फुलोऱ्यानंतर पाण्याचा ताण बसला की झाड हे काम घाईने उरकू लागते. ओंबीलगतचे शेवटचे पान, ज्याला ध्वजपर्ण म्हणतात आणि ज्याच्यावर दाणा भरण्याची मोठी भिस्त असते, ते वेळेआधीच रिते होऊ लागते. दाणा भरण्याचा काळ आखडतो. हाती येतो तो चिरमटलेला, हलका दाणा. त्यात प्रथिनांची टक्केवारी कधी कधी जास्त निघते, पण ती पिठूळ भाग कमी भरल्यामुळे; त्यावर समाधान मानण्याचे कारण नाही.

विदर्भात याला उन्हाची जोड मिळते. पर्णरंध्रे मिटली की घाम बंद झाल्यासारखी पानाची थंडाई संपते आणि पान हवेपेक्षाही तापू शकते. रुबिस्कोला कामावर ठेवणारे रुबिस्को ॲक्टिव्हेज नावाचे मदतनीस प्रथिन उष्णतेला फार नाजूक आहे. तापमान पस्तिशीकडे सरकू लागले की ते ढिले पडते, आणि रुबिस्को असूनही निष्क्रिय होतो. सोयाबीन लवकर निघाले तर गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरता येतो, पण पऱ्हाटी उपटून पेरणाऱ्यांची पेरणी डिसेंबरच्या मध्यापर्यंत लांबते. त्यांचा गहू फेब्रुवारीच्या मध्याला फुलोऱ्यात येतो आणि चीक भरण्याचा काळ नेमका मार्चच्या उन्हात सापडतो. अशा गव्हाला दोन पाळ्यांमधील आठ दिवसांची कोरड ही नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाच्या जानेवारीतल्या आठ दिवसांच्या कोरडीसारखी नसते.

आता युरियाबद्दल. फेब्रुवारीत भर दुपारी ताण बसलेल्या गव्हात उतरून पाहिले, तर वरची पाने कडांनी आत वळून सुरळीसारखी झालेली दिसतात आणि बुडाची पाने टोकाकडून पिवळी पडत आलेली असतात. नत्राची कमतरता असतानाही बुडाचीच पाने आधी पिवळी पडतात, आणि इथेच फसगत होते. दोन्ही प्रसंगी झाड जुन्या पानांतील प्रथिने मोडून नत्र वर नेत असते. फरक कारणात आहे. फरक ओळखायचा तर सकाळी उन्हे चढण्यापूर्वी शेतात जावे. दुपारी वळलेली पाने रात्रीत उलगडली असतील, तर ताण अजून सौम्य आहे. सकाळीही सुरळी तशीच असेल, तर झाडाला रात्रभरातही पाणी मिळालेले नाही. अशा कोरड्या जमिनीवर फेकलेला युरिया मुळांपर्यंत पोचत नाही, कारण नत्र मुळांकडे जातो तो मुख्यतः जमिनीतील पाण्याबरोबर. आपल्या काळ्या जमिनी विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, असल्याने वर पडून राहिलेल्या युरियातील नत्राचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत जातो. आणि तो पोचला असे जरी मानले, तरी उलगडून झालेल्या, उतरणीला लागलेल्या पानात तो रुबिस्को नव्याने उभा करत नाही. युरियाचा हप्ता पाने तयार होत असताना, ओल असताना द्यायचा असतो. पानांवर करायची विद्राव्य खताची फवारणी ही वेगळी गोष्ट आहे, आणि तीही तहानलेल्या पिकावर उन्हात मारण्याची नाही. तणाव कमी करणारी म्हणून कृषी केंद्रांत मिळणारी महागडी औषधे घेण्यापूर्वी शेतकऱ्याने दुकानदाराला एवढेच विचारावे, की हे औषध पाण्याच्या कोणत्या पाळीची जागा घेते.

पानाच्या आत काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नसेल, तर मोजायचे कसे, असा प्रश्न येईल. हरितद्रव्याची प्रतिदीप्ती, म्हणजे शोषलेल्या प्रकाशातला जो थोडा भाग ते मंद प्रकाशाच्या रूपाने परत सोडते तो, मोजणारी उपकरणे विद्यापीठांत आहेत. पान वीस-तीस मिनिटे अंधारात ठेवून त्यावर प्रकाशाचा झोत सोडतात आणि प्रकाशप्रणाली-दोनची कार्यक्षमता काढतात. निरोगी पानात ही संख्या ०.८३ च्या आसपास असते. पण नुसत्या कोरडीने ती लवकर ढळत नाही, तीव्र ताण किंवा त्याला उष्णतेची आणि प्रखर उन्हाची जोड मिळाल्यावर ढळते. तेव्हा तिच्यावर विसंबून ओलित ठरवणे म्हणजे पुन्हा उशीरच. शेतकऱ्याला उपयोगी पडेल असे साधन त्यापेक्षा साधे आहे. पाणी भरपूर असलेल्या गव्हाचा पर्णसंभार दुपारी हवेपेक्षा काही अंशांनी थंड असतो, आणि पर्णरंध्रे मिटू लागताच हा फरक घटतो. दुरून तापमान मोजणारा अवरक्त तापमापक गावात एक असला तरी पुरे. कोरोनाच्या काळात कपाळावर रोखला जाई तो नव्हे, तो माणसाच्या तापापुरताच बनवलेला असतो, तर कारखान्यांत वापरतात तसला.

वाणांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ओलावर येणारा, लांब कुसळांचा बन्सी गहू पूर्वी मोठ्या प्रमाणावर होता, आणि तो एकाही पाण्याशिवाय पदरात काही ना काही टाकत असे. त्याचे उत्पादन आजच्या मानाने तुटपुंजे होते, म्हणून त्याच्या नावाने गहिवरण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या अंगी असलेले गुण आज नव्या वाणांत मुद्दाम शोधले जात आहेत. ओंबी आणि कुसळे हिरवी असताना स्वतः अन्न बनवतात, आणि ताणात ध्वजपर्ण ढेपाळल्यावरही ती अधिक काळ टिकतात. तसेच फुलोऱ्यापूर्वी खोडात साठवलेली साखर ताणाच्या वेळी दाण्याकडे वळवण्याची क्षमता काही वाणांत अधिक असते. सी-३०६ हा जुना, उंच वाढणारा वाण अजूनही प्रयोगांत कोरड सोसणाऱ्या वाणाचा नमुना म्हणून वापरला जातो. कोरडवाहूसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा शरद, आणि एक-दोन पाण्यांवर घ्यायचा असेल तर निफाडचा नेत्रावती, असे वाण शिफारशीत आहेत. तरीही ज्याची हमी फक्त दोनच पाण्यांची आहे, तोही गावोगाव लोक-१ च पेरतो, कारण बियाणे घरचे असते आणि पोळी चांगली होते. पोळीचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. पण मग पाण्याच्या वेळा तरी पाळायला हव्यात.

वेळा सर्वांना ठाऊक आहेत. एकच पाणी असेल तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी. दोन असतील तर पहिले २० ते २२ दिवसांनी, दुसरे ६० ते ६५ दिवसांनी. तीन असतील तर या तिन्ही वेळांना, ही शिफारस आपल्या कृषी विद्यापीठांची आहे आणि ती वर्षानुवर्षे छापली जाते. वर सांगितलेल्या प्रथिनांच्या अंगाने पाहिले तर तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. विसाव्या दिवसाच्या सुमारास मुकुटमुळे फुटतात, आणि पुढे नत्र व पाणी उचलणारी यंत्रणा तीच असते. चाळिशीत गहू कांडी धरतो. वरची पाने, म्हणजे दाणा भरणारा सगळा कारखाना, याच सुमारास उभारला जात असतो. साठीनंतर फुलोरा येतो, आणि त्या पाण्याने उभारलेली प्रथिने अकाली मोडली जाणे लांबते. अडचण ही की पेरणी महिना-दीड महिना मागेपुढे झालेली असते, पण कालव्याचे आवर्तन सगळ्यांना एकाच तारखेला सुटते. वरच्या शेतकऱ्याच्या गव्हाला ते एकेचाळिसाव्या दिवशी मिळते आणि टेलवरच्या, उशिरा पेरलेल्या गव्हाला ते कधी तिसाव्या तर कधी पंचावन्नाव्या दिवशी पोचते. मधल्या काळात ज्याच्याकडे विहीर आहे त्याने रात्रीच्या विजेवर तुषार संच चालवावा, एवढाच इलाज उरतो. ज्या कालव्यावर माझी जमीन आहे त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण विदर्भात ही रीत सगळीकडे जवळपास सारखीच आहे.

यावर उपाय महागडा नाही. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा २००५ चा कायदा आहे, त्याखालील पाणी वापर संस्थाही आहेत. या संस्थांनी प्रत्येक सभासदाची गव्हाच्या पेरणीची तारीख पाणी अर्जावरच लिहून घेतली, तर कोणत्या आठवड्यात किती क्षेत्र चाळिशीत आणि किती साठीत आहे, याचा तक्ता वहीत दहा मिनिटांत तयार होतो. आवर्तनाची तारीख ठरवताना धरणातील साठ्याबरोबर हा तक्ताही समोर ठेवावा, आणि एका आवर्तनात आधी कोणत्या चाऱ्या, म्हणजे कालव्याचे कोणते फाटे, सोडायच्या हे त्यावरून ठरवावे. टेलकडून वर येत पाणी देण्याची जी मागणी आम्ही टेलचे शेतकरी करतो, तिलाही अशाने नुसत्या तक्रारीचे स्वरूप उरणार नाही, कारण उशिरा पेरणारे बहुतेक वेळा टेललाच असतात.

आपल्या दैनिकाकडून माझी अपेक्षा याहून छोटी आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत शेतीच्या पानाच्या एका कोपऱ्यात दर आठवड्याला इतकेच छापावे, की अमुक तारखांदरम्यान पेरलेला गहू या आठवड्यात कोणत्या अवस्थेत आहे आणि त्याला पाण्याची गरज आहे किंवा नाही. पिवळ्या पानाचे छायाचित्र छापायचेच असेल, तर त्याखाली युरियाची मात्रा लिहिण्याऐवजी त्या पिकाला शेवटचे पाणी कितव्या दिवशी मिळाले होते ते लिहावे. पहिली माहिती गोळा करण्यासाठी आमच्या गावची पेरणीच्या तारखांची यादी हवी असल्यास ती मी आनंदाने पाठवीन.

आपला नम्र,
एक गहू उत्पादक व निवृत्त विज्ञान शिक्षक
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा